दोन मिनिटं आणि माया

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं तीन मिनिटांच्या वर गेलं की भांडण होतं, आणि तुझ्या दुकानातल्या चार शिलाई मशिनी मध्ये मध्ये बोलतात त्या वेगळ्याच. म्हणून लिहितोय. शिवाय सोबत एक डबी पाठवतोय, कॉम्प्युटरला लावतात ती. तिच्याबरोबर चिठ्ठी हवीच.

बातमी अशी की मोठ्या नदीवर नवा पूल होणार आहे. काम पाच वर्षं चालेल. पहिल्या खड्ड्यापासून पहिल्या गाडीपर्यंत सगळ्याचं चित्रण करायला एक कंपनी नेमणार आहेत. अर्ज आले एकतीस. त्यातल्या पाच कंपन्या निवडल्या. त्या पाचात तुझा धाकटा भाऊ आहे. बाकीच्या चौघांकडे परीक्षा देऊन, पदव्या घेऊन आलेली माणसं आहेत. माझी पदवी तुला माहीत आहे: एक उसना कॅमेरा आणि त्याचं परक्या भाषेतलं माहितीपुस्तक, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेलं. तरी पाचात आहे. हे दोनदा लिहिलं ते चुकून नव्हे.

आता पाचही जणांनी वीस मार्चपर्यंत शोरील द्यायचं. शोरील म्हणजे आमच्या धंद्यातला नमुना. आजवरच्या कामातले निवडक तुकडे जोडून एक छोटी फिल्म करायची. ती बघून लोक ठरवतात, ह्या माणसाला काम द्यायचं की पाणी पाजून वाटेला लावायचं. दोन मिनिटं. एक सेकंद वर नाही. चोवीस वर्षांत मी शोरील केलेलं नाही. कुणी मागितलं तर म्हणायचो, आमचं काम अमक्या कारखान्यात रोज दाखवतात, जाऊन बघा. ती ऐट आता चालायची नाही.

हे काम नाही मिळालं तर काय, तेही सांगून टाकतो. एक मोठी कंपनी वर्षभर मागे लागलीय, की मी आणि माझी माणसं त्यांच्यात यावं. मला विभागप्रमुख करतील. खुर्ची गोल फिरेल. पण पाटी उतरेल. बाबांच्या दुकानाचं नाव तू तिकडे राखलंस, मी इकडे माझ्या दारावर लावलं. एक पाटी उतरली म्हणजे अर्धं नाव गेलं. पाच वर्षांचं हे काम हातात असेल तर मला कुणाच्या आश्रयाला जायला नको. त्यांना एप्रिलअखेर उत्तर द्यायचंय.

तर रील केलंय. शहाण्णव शॉट, एकशेवीस सेकंद, म्हणजे सव्वा सेकंदाला एक. आकाशातून घेतलेले नऊ, पाण्याखालचे दोन. संगीताच्या प्रत्येक ठोक्यावर एक काप आणि एकही काप केसभर मागेपुढे नाही. सुरुवात बाबांच्या कात्रीने केलीय, माझ्या पहिल्यावहिल्या चित्रणातली.

तुला पाठवतोय, कारण शिवण कुठे वाकडी गेली ते तुला दिसतं. शिवण शिकायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी बाबांनी तुला 'हात बसला' म्हटलं होतं. मला कधीच नाही म्हटलं. अर्थात मी कॅमेरा घेऊन पळालो, त्यांना त्यातलं काय कळणार? तू म्हणालीस तरी मला चालेल.

डबी टीव्हीला मागच्या बाजूने लावायची. भावोजींना येतं.

तुझा
धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाचात आलास! दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालंय. काल एका बाईंचं माप घेताना सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही मघाशी डावी बाही मोजताना सांगितलंत."

आता रीलचं. तीनदा बघितलं. खरं सांगू? भुर्रकन गेलं. कात्री आली म्हणेपर्यंत आकाश आलं, आकाश म्हणेपर्यंत कसलीशी चाकं. मला कुणी विचारलं की तुमचा भाऊ काय काम करतो, तर हे बघून मी सांगेन, तो फार घाईत असतो. तुझे भावोजी म्हणाले, "फार भारी झालंय." मी विचारलं, काय भारी? तर म्हणाले, "ढोलकं."

आपल्या दुकानाच्या काचेत बाबा काय लावायचे, आठव. एक कोट. आत कपाटात चाळीस होते. तू दहा वर्षांचा असशील, बाबांच्या मागे लागलास की सगळे लावू या, म्हणजे लोकांना कळेल आपण किती शिवतो. बाबा म्हणाले, लाव. दिवसभर एक माणूस काचेशी थांबला नाही. संध्याकाळी तूच मुकाट्याने एकोणचाळीस उतरवलेस. मला वाटलं होतं तेव्हाच शिकलास.

रागावू नकोस. रागावशीलच म्हणा. दुकान बरं चाललंय. सुईत दोरा हल्ली कारागीर ओवून देतो. मालकीण झालेय ना मी.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

रागावलेलो नाही. फक्त तीन गोष्टी नोंदवतो.

घाई नव्हे, त्याला लय म्हणतात. ढोलकं नव्हे, ते आठ वाद्यांचं संगीत आहे. आणि तुझं पत्र वाचायला मला अर्धा तास लागला. अक्षर एवढं मोठं आणि पसरलेलं का? ओळी डोंगर चढतायत. दुसऱ्याला घाईत म्हणणाऱ्या बाईने पत्र तरी सावकाश लिहावं.

बाकी कोटाची गोष्ट मी ऑफिसात सांगितली. सांगायला नको होती. आमच्या संकलक बाई, ज्यांना आम्ही कात्रीबाई म्हणतो, नऊ वर्षं माझ्याकडे आहेत आणि नऊ वर्षांत माझ्याविरुद्ध त्यांना असा साक्षीदार मिळाला नव्हता. "तुमच्या ताईंना नोकरी द्या," म्हणाल्या. आमचा कॅमेरामन उंट (उंची सहा फूट दोन इंच, मान त्याहून लांब) नुसता हसला. शेवटी शहाण्णवाचे चाळीस शॉट केले. हा माझा मोठेपणा समज.

नवी डबी पाठवतोय. टीव्हीवर दोन नावं दिसतील. पहिलं 'रील', ते बघ. दुसरं 'माया', त्याला हात लावू नकोस, डबी बघून झाली की तुझ्या लोखंडी कपाटात ठेव. मागच्या महिन्यात उंटाने कॉम्प्युटरवर पाणी सांडलं, तेव्हापासून ह्या कामाची एक प्रत गावाबाहेर असावी असं ठरलंय.

'माया' म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण आमच्याकडे कसं आलं ते ऐक. बाबा म्हणायचे ना, अगदी मापावर कापतो तो शिंपी नव्हे, खाटीक. शिवणीच्या आत बोटभर कापड जास्त सोडायचं. माणूस उद्या सुटेल, पोर वाढेल, तेव्हा उसवून सैल करता यायला हवं. मी कॅमेऱ्याला तेच लावलं. शॉट सुरू होण्याआधी दहा सेकंद आणि संपल्यावर निदान वीस सेकंद माझा कॅमेरा चालूच असतो. तोंडाने 'कट' म्हणतो, बोट बटणाकडे नेत नाही. संकलनात इकडेतिकडे सरकायला जागा लागते, ती ही. बाकीच्या कंपन्या ह्याला काहीबाही म्हणतात, आमच्याकडे 'माया' म्हणतात. एकदा नवीन आलेल्या ध्वनिमुद्रकाने आठवडाभर ऐकून शेवटी विचारलं, "सर, त्या माया मॅडम रोज शूटिंगला असतात, मग जेवायला का येत नाहीत?"

तर रीलमधल्या प्रत्येक शॉटची उरलेली माया त्या दुसऱ्या नावाखाली आहे. एक तास चाळीस मिनिटं. कतरण आहे, बघू नकोस.

आणि ह्या वेळी 'भुर्रकन' हा शब्द नको.

धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

असं आधीच का नाही केलंस रे?

तुझी डबी लावली आणि म्हटलं, दोन मिनिटं बघून कामाला लागू. ते संपेचना. मग कळलं, एवढं मोठं पाठवलंयस ते ताईने त्यातून निवडावं म्हणून. मनात तेच असणार, तोंडाने सांगायला तुला कमीपणा वाटतो. हातातला परकर बाजूला ठेवला आणि बसले. कारागीरसुद्धा बसले. दुपारभर दुकान बंद असल्यासारखं होतं.

तो काचेची बाटली फुंकून घडवणारा माणूस! एवढी मोठी फुंकर मारून बाटली झाली, 'कट' म्हणालास तू, आणि मग तो त्याच तोंडाने हळूच फू फू करून चहा निववतो. आम्ही सगळे हसलो. ती नर्स, हात कसे धुवायचे ते इतकं कडक आवाजात शिकवते आणि मग नळ बंद करताना गुणगुणते, अगदी बेसूर. बसचा मेकॅनिक बोनेट धाडकन लावतो आणि दोनदा थोपटतो, "चल गं बाई, उठ." आणि तो कारखानदार! भाषण केलं घसा खरवडून, आणि मग केवढ्या बारीक आवाजात विचारतो, "नीट बोललो ना मी?" रे, मला त्याला जाऊन सांगावंसं वाटलं, बोललात हो, नीट बोललात.

ही माणसं मला परवापासून सोडत नाहीत. परकर शिवताना तोंडातून येतं, चल गं बाई.

आणि बाबांचा आवाज. तो ठेवलास हे फार चांगलं केलंस. तिथे मी सगळ्या मशिनी बंद करायला लावल्या.

ह्यातनं दोन मिनिटं काढ. पाचात काय, पहिला येशील.

ताई

६ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

ताई, तू काय बघितलंस?

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्या ओळीला छाती फुगली. चहाशी आलो आणि थांबलो. आमच्या रीलमध्ये कुणी चहा पीत नाही. कुणी गुणगुणत नाही. कारखानदार त्यात आहे, पण भाषण करताना, सव्वादोन सेकंद, डावीकडून उजेड घेतलेला. तू रील बघितलंच नाहीस. तू माया बघितलीस. ज्याला हात लावू नकोस म्हणून मी एवढं लिहिलं, तेच.

टीव्हीवर वीतभर अक्षरात 'रील' लिहिलंय गं! वाचलं कसं नाहीस?

आधी मी हसलो. मग मला राग आला, तो चांगला दीड दिवस टिकला. चोवीस वर्षं कामं केली, उजेड मोजला, लेन्स निवडल्या, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला काय आवडलं तर मी कापून टाकलेलं. कात्रीबाईंनी नुसतं 'माया' उघडलं आणि आवाज मोठा केला. तुला सांगायला हवं की आम्ही माया बघतो ती आवाज बंद ठेवून. तिथे असतं काय, तर 'कट', 'वायर उचल' आणि 'जेवण आलं का'. निदान आम्ही तसं समजत होतो.

दीड तास आम्ही तिघे हललो नाही. उंट उभा होता तो उभाच राहिला. संपल्यावर कात्रीबाई म्हणाल्या, "सर, असं चित्रण बाकीच्या चौघांकडे नसेल. त्यांनी कॅमेरे बंद केले असतील."

माझे आहेत हे शॉट. मी सोडलेत. मी कॅमेरा चालू ठेवला म्हणून ते आहेत. हे मला आधी दिसलं नाही, ही शरमेची गोष्ट आहे, पण ते माझेच आहेत.

जुनं रील मोडलं. चौदा दिवस आहेत. अडचण एकच. मी 'कट' म्हटल्यावर ही माणसं सैल झाली. कॅमेरा चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कामापुरतं चित्रण त्यांनी मला दिलं होतं, हे दिलेलं नाही. कात्रीबाई म्हणतात, कोण विचारायला बसलंय. मी बसलोय. प्रत्येकाला जाऊन दाखवणार आणि 'हो' म्हणेल त्याचाच शॉट घेणार.

आणि बाबांचा आवाज कुठला? त्या चित्रणात बाबा कात्री चालवतात आणि पुढे अकरा मिनिटं रिकामं टेबल आहे, मी वायर आणायला बाहेर गेलो होतो तेव्हाचं. तेवढा तुकडा आम्ही पुढे सरकवला, रिकाम्या टेबलात काय बघायचं? तुला भास झाला असेल.

धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

घाईत होते. भावोजींनी लावलं ते बघितलं. एवढं काय त्यात?

विचारायला जातोयस ते बरोबर आहे. काचेत लावायचा कोट गिऱ्हाइकाचा असला तर बाबा विचारून लावायचे. एकाने नाही म्हटलं होतं, तर नुसता हँगर टांगून ठेवला होता दोन दिवस. म्हणाले, रिकामी काच चालेल, चोरीची नको.

आणि मला भास होत नाहीत. रिकाम्या टेबलापाशी जा, आवाज मोठा कर, आणि बस. वायर आणायला निघून जाऊ नकोस ह्या वेळी. काय ते मी लिहिणार नाही. ते मला उद्देशून नाहीये.

पत्र लहान आहे, समजून घे.

ताई

२४ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

रील गेलं. वीस तारखेला दुपारी सव्वातीन वाजता मी स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली. तुझी प्रत सोबतच्या डबीत आहे. एकशेअठरा सेकंद. शॉट किती? सात.

चौदा दिवसांत मी अकरा जणांकडे गेलो. काच फुंकणारा निवृत्त झालाय. स्वतःला चहा निववताना बघून त्याने बायकोला हाक मारली, "अगं, बघ, मी असा दिसायचो." मग मला म्हणाला, "घ्या, पण बाटली पण दाखवा हां, नाहीतर लोकांना वाटेल आयुष्यभर चहाच प्यायला." नर्स आता त्या रुग्णालयाची मुख्य आहे. तिने तीनदा लावायला सांगितलं. मला वाटलं गाण्यावरून नाही म्हणेल. ती म्हणाली, "अंगठा धुवायचा राहिला नाही ना, तेवढंच बघत होते." मेकॅनिकने तर ती बस अजून चालते की नाही ह्यावर अर्धा तास घेतला. चालते.

कारखानदार नाही म्हणाला.

त्याचा शॉट आमच्याकडचा सर्वांत चांगला होता, तुलाही माहीत आहे. मी त्याच्या केबिनमध्ये बसून दाखवला. तो बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या तीनशे माणसांनी मला असं बघितलेलं नाही. नको." उंट दारात उभा होता. त्याने मला खूण केली की अजून एकदा विचारा. मी विचारलं नाही. उठलो, आणि जाताना एवढं म्हटलं, "तुम्ही तेव्हा विचारलं होतं, मी उत्तर द्यायच्या आधी तुम्ही निघून गेलात. नीट बोलला होतात तुम्ही." माणूस लाजला गं.

त्याचे नऊ सेकंद गेले. कात्रीबाईंनी ते सगळ्यांत वाटून टाकले नाहीत. एकट्या काच फुंकणाऱ्याला तेवढे जास्त दिले, चहा संपेपर्यंत. संगीत काढून टाकलं. पहिले पाच सेकंद काही होतच नाही, नुसतं एका मशीनचं चाक थांबत थांबत थांबतं, आणि मग माणूस दिसतो. कंपनीचं नाव शेवटी, चार सेकंद, काळ्यावर पांढरं. शोरील कसं करावं ह्याची जेवढी पुस्तकं मी वाचलीत, त्यातल्या एकातही असं करा म्हणून लिहिलेलं नाही. करू नका म्हणून मात्र लिहिलंय.

बाबांचं ऐकलं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

तुझं मागचं पत्र फारच लहान होतं आणि पाकिटावरचा पत्ता भावोजींच्या अक्षरात होता. काय चाललंय?

धाकटा

२१ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

महिनाभर उत्तर नाही म्हणून काल दुकानात फोन केला. भावोजींनी उचलला. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून तू त्यांना फोन उचलू देत नाहीस, हे मला आता कळलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सहा महिने. आणि मला लिहितेस, 'मालकीण झालेय, दोरा कारागीर ओवतो.' मी तुझ्या अक्षरावर विनोद केला. ओळी डोंगर चढतायत म्हणालो. तू वीतभर अक्षरं वाचली नाहीस म्हणून तुझ्यावर ओरडलो. तू माया बघितलीच नव्हतीस, ताई. ऐकलीस. पत्रात तू जे जे लिहिलंस, फू फू, गुणगुणणं, धाडकन, बारीक आवाज, ते सगळं कानांचं होतं. मी दुसऱ्याच्या चित्रणात अर्ध्या क्षणाची चूक पकडणारा माणूस, आणि हे माझ्या हातात कागदावर होतं तरी दिसलं नाही. भावोजी म्हणाले, दोन्ही शस्त्रक्रिया नीट झाल्या, गुरुवारी तुझी पट्टी निघणार आणि तू पहिलं काय करणार तर मला सांगितलं म्हणून त्यांच्यावर ओरडणार. इतके दिवस लपवलं म्हणून माझं त्यांच्यावर ओरडून झालंय, तू नको ओरडूस.

आता माझी बातमी. काल बोलावलं होतं. लांब टेबल, सात माणसं, मधोमध मुख्य अभियंता बाई. पाचही रीलं ओळीने लावायची होती. आपलं चौथं. कबूल करतो, आधीच्या तिघांचं बघताना मला आपलं रील परत मागावंसं वाटलं. काय आकाश, काय वेग! मग आपलं चाक आलं, थांबत थांबत. खोलीत कुणीतरी खाकरलं. चहापाशी एक जण हसला. मेकॅनिकपाशी तिघे हसले. संपल्यावर बाई म्हणाल्या, "हे सगळं काम झाल्यानंतरचं आहे. असं का?"

मी सांगितलं. बाबा शिंपी होते, बोटभर जास्त कापड सोडायचे, त्याला माया म्हणतात, मी ती कॅमेऱ्यात सोडतो. आणि प्रत्येकाला विचारून घेतलंय हेही सांगितलं. एक जण नाही म्हणाला तेही. शब्द जुळवून आणले नव्हते, जसं आलं तसं.

बाई म्हणाल्या, "आम्हीसुद्धा पुलात फट सोडतो. ऊन लागलं की पूल फुगतो. जागा नसली तर तडा जातो." आणि ऑपरेटरला म्हणाल्या, "चौथं परत लावा." पाचवं अजून लागायचं होतं, तरी म्हणाल्या.

ताई, काम आपलं. पाच वर्षं. पहिला खड्डा सप्टेंबरात. मोठ्या कंपनीला आज सकाळी दोन ओळींचं पत्र गेलं. उंटाने न सांगता शिडी लावून पाटी पुसली, शिडीची त्याला गरज नव्हती तरी.

आता बाबांचं.

मी टेबलापाशी बसलो, तू सांगितलंस तसा, उठलो नाही. सहाव्या मिनिटाला दार वाजतं. कुणीतरी गिऱ्हाईक येतं, दिसत नाही, आवाज येतो. म्हणतं, "हे काय ठेवलंय इथे?" बाबा म्हणतात, "मुलाचं आहे. हात लावू नका, चालू असेल." गिऱ्हाईक विचारतं, "काय करतो तो ह्याचं?" मग नुसती कात्री, कच्‌ कच्‌. आणि मग बाबा म्हणतात, "मला त्यातलं कळत नाही. पण हात बसलाय त्याचा." "कळत नाही तर कशावरून म्हणता?" "उभा कसा राहतो त्यावरून."

चालू असेल, म्हणतात. त्यांना माहीत होतं मी माया सोडली असणार.

मी तेव्हा बाहेर वायर शोधत होतो. पंचवीस पावलांवर. त्यानंतर वर्षभरात बाबा गेले. आणि चोवीस वर्षं मी ते आवाज बंद करून बघत होतो.

कात्रीबाई म्हणाल्या होत्या, सर, रीलचा शेवट ह्याच्यावर करू, काळ्या पडद्यावर नुसता आवाज, सगळे रडतील. त्यांचं धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं. बाकी सगळी माया मी उसवून वापरली. ही नाही. बाबांना विचारता येत नाही हे एक. आणि थोडी आत राहायला हवी.

धाकटा

२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघ. ओळ बघ. पट्टी लावून मोजलीस तरी सरळ.

पुलाची बातमी मी स्वतः वाचली, भावोजींना हात लावू दिला नाही. मग दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. बाही मोजून घेणाऱ्या त्या बाई परत आल्या होत्या. ह्या वेळी त्याच म्हणाल्या, "सांगा, सांगा, मी वेळ काढून आलेय."

तुला सांगितलं नाही, कारण तू सगळं टाकून इथे येऊन बसला असतास, आणि वीस तारखेला दुपारी सव्वातीनला तिथे कुणी नसतं. आता त्यावर पत्र नको.

नवीन डोळ्यांनी पहिल्यांदा रील बघितलं, शेवटचं, सात शॉटचं. ह्या वेळी बरोबर नावाखालचं. एकदाच बघितलं, पुरलं. एकशेअठरा सेकंद मोठे असतात रे, त्यात माणूस मावतो. काच फुंकणाऱ्याच्या उजव्या कफचं बटण मात्र तुटलंय, दोऱ्यावर लोंबतंय. शिंप्याचा मुलगा ना तू? चित्रणाआधी दोन टाके घालायला काय झालं होतं?

बाबांचं आत ठेवलंस ते मला आवडलं. मायेची डबी लोखंडी कपाटात आहे, त्यांच्या मोठ्या कात्रीशेजारी.

आणि पहिल्या पत्रात तू मला काहीतरी म्हणायला सांगितलं होतंस. ते मी म्हणणार नाही. माझ्यापेक्षा जास्त अधिकाराच्या माणसाने ते आधीच म्हणून ठेवलंय.

पुलाच्या पहिल्या दिवसासाठी शर्ट शिवते. दोरा मीच ओवणार. पोटाचं माप मोजून कळव, अंदाजे नको. मागच्या शर्टाची सगळी माया मी दोन वर्षांपूर्वीच उसवलीय, आता आत काही शिल्लक नाही.

ताई